रामपुरव्याला थांबणारी गाडी

फोन सकाळी आला. पलीकडे रश्मी होती, सोनटक्के काकांची मुलगी. "दीदी, बाबा नहीं रहे," एवढंच म्हणाली. तिच्या मागे लखनौच्या रस्त्यावरचे टेंपोचे हॉर्न वाजत होते. मी नाशिकमध्ये, हातात कणकेचा गोळा... मी मूर्खासारखं विचारलं, "चहा घेतला होता का त्यांनी?" ती म्हणाली, "हाँ, दो बार." आणि मग आम्ही दोघीही रडलो.

विनायक सोनटक्के मूळचे वर्ध्याचे. रेल्वेत इंजिनिअर. लग्नानंतर मी लखनौला मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहायला गेले तेव्हा ते आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये होते. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी नकाशे काढायला शिकलेली, पण घरी बसून. एके दिवशी ते कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "नीला, तुला रेघा सरळ मारता येतात म्हणे. मग घरी काऊन बसली?" लखनौ, कानपूर आणि मधल्या लहान गावांसाठी प्रवासाची एकच योजना आखायची म्हणून सरकारने एक समिती नेमली होती आणि काका तिचे सचिव होते. चारबागला स्टेशनाजवळ दोन खोल्यांचं ऑफिस होतं. पुढच्या सोमवारपासून मी तिथे नकाशे काढू लागले. घरी ते काका, ऑफिसात साहेब, हे मला सवयीने जमून गेलं.

काम वरवर सोपं होतं. सकाळची एक पॅसेंजर, तिच्या वेळेला जुळणाऱ्या दोन्ही शहरांतल्या बस आणि सगळ्यांना चालेल असा एकच पास. पण प्रत्येक गावाला गाडी आपल्यासाठी हवी होती. कानपूरकडून कापडाचे एक वयस्कर व्यापारी सभासद होते, सगळे त्यांना लालाजी म्हणत. त्यांचं म्हणणं, गाडी मध्ये कुठेही थांबता कामा नये, व्यापाऱ्याचा वेळ जातो. मधल्या रामपुरवा गावचे चेअरमन म्हणायचे, गाडीचा आमच्याकडचा मिनिटभराचा थांबा काढलात तर आमच्या हद्दीतून बसही जाऊ देणार नाही. लखनौवाल्यांना आलमबागच्या बस स्टँडवर आणखी बस नको होत्या. बैठका दुपारच्या खस्ता-कचोरीपर्यंत चालायच्या आणि कचोरी संपली की मोडायच्या. लालाजी आणि चेअरमन तर एकमेकांशी बोलेनासेच झाले. काय सांगायचं ते काकांना सांगायचे, "सचिव साहब, उनसे कह दीजिए..." आणि दोघं बसलेले असायचे एकमेकांपासून दोन हातांच्या अंतरावर! काका मात्र शांतपणे तिकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायचे, थोडं गोड करून.

त्याच हिवाळ्यात काकांना बढतीवर नागपूरची बदली आली. तिथून वर्धा हाकेच्या अंतरावर, आणि वर्ध्याला त्यांची आई एकटी. काकूंनी भांडी पोत्यात बांधायलाही घेतली होती. काकांनी बदली नाकारली. "मी गेलो तर हे दोघं पुन्हा एका टेबलाशी बसणार नाहीत," म्हणाले. "उन्हाळ्यापर्यंत उरकतं." काकूंनी भांडी सोडून परत फळीवर लावली, पण त्या आवाजावरून सगळ्या कॉलनीला कळलं.

मग डिसेंबरात एका सकाळी काकांनी सगळ्या सभासदांना चारबागहून त्याच पॅसेंजरमध्ये बसवलं. बैठक आज गाडीतच, म्हणाले. बाहेर धुकं असं की रुळाशेजारची झाडंही दिसेनात. लालाजी शाल गुंडाळून दाराजवळच्या बाकावर, समोर चेअरमन, दोघंही खिडकीकडे तोंड करून. रामपुरव्याला गाडी नेहमीसारखी मिनिटभर थांबली. तिथे फलाट नव्हता, नुसती खडी. खालून एका बाईने दोन्ही हातांनी आपलं तान्हं मूल वर धरलं. "बाबूजी, ज़रा पकड़िए." लालाजींनी गोंधळून ते घेतलं. बाई दांडा धरून पहिल्या पायरीवर पाय टाकते तोच गाडी हलली, तिचा पाय निसटला आणि ती खडीवर पडली... मूल लालाजींच्या हातात आणि आई धुक्यात.

लालाजी इतक्या मोठ्याने ओरडले, "रोको! अरे रोको!", की मला आजही तो आवाज ऐकू येतो. चेअरमननी साखळी ओढली. गाडी थांबेपर्यंत काका उडी मारून खाली पळत गेले होते. बाई वाचली होती, गुडघे फुटले होते. काकांनी तिला धरून आणलं, वर चढवलं. लालाजी मूल सोडेचनात. ते छातीशी धरूनच त्यांनी तिला विचारलं, "बेटी, रोज़ ऐसे ही चढ़ती हो?"

"और कैसे चढ़ें, बाबूजी?" ती म्हणाली. ती कानपूरच्या एका दवाखान्यात झाडलोट करायची.

मग लालाजी, किती महिन्यांनी कोण जाणे, थेट चेअरमनना म्हणाले, "भाई साहब, आपके यहाँ प्लेटफ़ॉर्म बनना चाहिए." परतताना मी काकांना जरा रागानेच विचारलं की असं काही होईल हे तुम्हाला ठाऊक होतं का. त्यांचा चेहरा उतरला. "ठाऊक असतं तर मी आधीच खाली उतरून उभा राहिलो नसतो का गं?"

त्या उन्हाळ्यात फलाट झाला, गाडीची वेळ बदलली, दोन्हीकडच्या बस तिला जुळल्या. एकच पास मात्र कधी झाला नाही. सरकार बदललं आणि समितीच बरखास्त झाली. आणि फलाटाचं काम संपायच्या आधीच वर्ध्याहून तार आली. काका पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. "तिला पत्रात लिहिलं होतं, उन्हाळ्यात येतो म्हणून. उन्हाळ्यात गेलोही..." फलाटाच्या दगडावर लालाजी आणि चेअरमन यांची नावं कोरली होती, काकांचं कुठेच नव्हतं. मी चिडले. ते हसून म्हणाले, "अगं, ते दोघं एका दगडावर आले, हे काय कमी आहे?" काकूंनी मात्र ना तो फलाट पाहिला, ना त्या गाडीचं नाव कधी घरात काढू दिलं.

तेराव्याला मी लखनौला गेले. निवृत्तीनंतर त्यांनी आलमबागच्या मागच्या बाजूला, रुळांच्या जवळ घर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काकू मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. काकांची वेताची खुर्ची तिथेच होती, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. काकू सांगत होत्या की ते रोज इथे बसून त्याच सकाळच्या पॅसेंजरची शिट्टी ऐकायचे, मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि वेळ मोठ्याने सांगायचे. "मला नव्हतं आवडत. मी मुद्दाम नळ सोडायचे."

शिट्टी वाजली. काकूंचे हात मेथीत थांबले. त्यांनी मान वळवून घरातल्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत हळूच म्हणाल्या, "आज वेळेवर आहे, हो."