फवारलेली गौर

आजही कुणाच्या बांधावरून तणनाशकाचा तो उग्र, डोक्यात चढणारा वास आला की मी दारं-खिडक्या लावून घेते. शेजारचे म्हणतात, सवय होईल. होऊ नये, अशीच माझी इच्छा आहे.

टोकावड्याच्या अलीकडे, आमच्या गावामागे एक माळ आहे. ओसाडच तो, म्हणून दर उन्हाळ्यात त्याला काडी लागायची आणि पावसात गुरं मोकळी सुटायची. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी गावातल्या बायका गोळा केल्या. वणवा लागू द्यायचा नाही, भाद्रपद सरेपर्यंत गुरं वर न्यायची नाहीत आणि तेरड्याचं, सोनकीचं पिकलं बी ओंजळीने उधळायचं, एवढंच ठरलं. पुरुष हसले. "गवताची राखण करताव, उद्या धोंड्यांना पानी घालाल," म्हणाले. पण काही पावसाळ्यांनी माळ असा उठला, की श्रावणात पाऊल कुठे टेकावं कळेना. गुलाबी तेरडा, खडकाच्या ओलीत 'सीतेची आसवं' म्हणतात ती इवली निळी फुलं, गवताच्या बुडाशी लाव्यांची पिलं. आमच्याकडे गौर तेरड्याचीच, मुळासकट उपटून आणलेली. मधली काही वर्षं ती मुरबाडच्या बाजारातून विकत यायची. आता साऱ्या गावाच्या गौरी पुन्हा माळावरून घरी येऊ लागल्या, आणि जाऊबाईंना त्याचा फार अभिमान होता.

मग शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कुणा हौशी मंडळींनी आमच्या माळावर वृक्षारोपण ठरवलं. पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून जागा 'साफ' हवी. गौरी तोंडावर आल्या असताना गावातल्याच माणसांनी पाठीवर पंप घेऊन माळ फवारला. पाहुणे आले, गुलमोहराची रोपं खड्ड्यांत टेकवली आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तिथेच टाकून गेले. भाषणात निसर्गप्रेम होतं म्हणे. मला शिसारी आली, अजून येते. झाडं लावायला फुलं मारणाऱ्यांपेक्षा वणवा लावणारे परवडले, ते निदान टाळ्या तरी मागत नाहीत.

गौरी आणायच्या दिवशी मी म्हटलं, बाजारातून आणू. जाऊबाई माळावर गेल्या आणि करपून पिवळा पडलेला तेरडा मुळासकट घेऊन आल्या. तोच पाटावर बसवला, त्याला नथ घातली.

"आली तशी बसवाची गो," म्हणाल्या.

हळदीकुंकवाला बायका आल्या. पंप मारणाऱ्यांच्या घरच्याही आल्या. गौरीला कुंकू लावताना एकीचीही नजर वर झाली नाही.

विसर्जनाला सारा गाव ओढ्याकडे निघाला. जाऊबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"तिच्या अंगात विष हाय. वढ्यात नाय सोडाची. मासं मरतील."

जुनी माणसं म्हणतात, काळ सगळं पोटात घालतो. घालत असेल. आमची गौर मात्र अजून मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे, नथ काढलेली. माहेरी आलेल्या लेकीला परत पाठवायला वाटच उरली नाही, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं.