कसं झालं?

आमच्याकडे कोणी गेलं की लोक बसायला येतात. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘कसं झालं?’ आणि घरचं माणूस पहिल्यापासून सगळं सांगतं. दिवसातून वीसदा. लहानपणी मला त्याचा भारी वैताग यायचा.

अमरावतीहून मी इस्रायलला गेले ती म्हाताऱ्या माणसांच्या सेवेच्या कामावर. वाट्याला आली नव्वदी ओलांडलेली ज्यू आजी. पहिल्याच दिवशी कपडे बदलताना तिच्या हातावर निळे आकडे दिसले. आमच्या तोंडाला कुठलं कुलूप! म्हटलं, ‘अगं बाई, माझ्या मोर्शीच्या आजीच्या हातावरही गोंदण होतं. तुम्ही कोणत्या जत्रेत काढलं?’ तिनं बाही खाली ओढली. नंतर तिच्या लेकानं सांगितलं, तो जर्मन छळछावणीतला नंबर. घरचे सगळे तिथेच मारले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं वर्षभर त्या हाताकडं मी पाहिलंसुद्धा नाही.

मग तिकडे अकोल्याला माझे बाबा वारले. मला येता आलं नाही. ओट्याशी रडत होते, तर आजी काठी टेकत आली, खुर्ची ओढून बसली. ‘कसं झालं?’ मोडक्यातोडक्या हिब्रूत मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी भडकलेच, अर्धं हिब्रू, अर्धं वऱ्हाडी. ‘कितीदा सांगू? इसरून राहिल्या का तुमी?’

‘नाही विसरले,’ ती म्हणाली. ‘मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून विचारते.’

सतराव्या वर्षी ती एकटी बोटीतून इस्रायलला उतरली. देश नवा, सगळ्यांना घाई. खाट दिली, शेतात काम दिलं, नवी भाषा शिकवली. दिलं नाही असं ती म्हणत नव्हती. पण शिकवणारी बाई म्हणाली, मागचं विसर. आधीच तिथं येऊन राहिलेली मावशी म्हणाली, लांब बाह्या घाल. शेतातल्या पोरी विचारायच्या, ‘सगळे मेले, मग तू एकटीच कशी वाचलीस?’ आणि उत्तराला थांबायच्या नाहीत.

मला त्या लोकांचा असा राग आला! मग वाटलं, मी तरी काय केलं? बसायला जाणाऱ्या मुलखातली मी, आणि वर्षभर तिच्याच घरात राहून तोंडात मिठाची गुळणी.

खुर्ची ओढली, समोर बसले. ‘सांगा आजी. कसं झालं?’

तिनं बाही वर केली.

‘कोणाचं आधी सांगू?’