बफवर पुसलेला गंज

शहापूरहून सुटलेली मुरबाडची एसटी किन्हवलीला थांबली की माझ्या कामावरची ती मुलगी चढायची. माझ्या शेजारची सीट रिकामी असायची, पण तिथे ठेवलेली पिशवी मी उचलत नसे. खिडकीबाहेर बघत बसे. तिचा हेवा आज पूर्ण गेलाय, असं लिहायला हात धजत नाही.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना. ऑपरेशनच्या कात्र्या करतो. मी भंडाऱ्याकडचा, लोहाराचा मुलगा, आठवीत शाळा सुटलेला. मालकांनी ठेवून घेतलं, शहापुरात खोली बघून दिली, तापात पडलो तेव्हा घरचा डबा पाठवला. ते उपकार फिटायचे नाहीत. तरी घरापासून इतक्या लांब मला माझं असं एकच काही मिळालं होतं. नवं पोलाद आलं की मालक तुकडा माझ्या हातात देऊन विचारायचे, "काय बोलतंय रे?" मी तो ग्राइंडरला लावायचो. ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या तर कार्बन भरपूर, धार कडक. आखूड, तांबूस पडल्या तर स्टेनलेस.

मग ती आली, डिप्लोमा झालेली. पोलादाबरोबरचा कागद वाचूनच सगळं सांगायची. तुकडा आधी तिच्याकडे जाऊ लागला. "दादांना पण दाखवा," असं ती आठवणीने म्हणायची. ते तर जास्तच लागायचं.

एका डॉक्टरांना बारीक टोकाच्या कात्र्या हव्या होत्या. पातं कशाचं करायचं? मी म्हटलं कार्बनचं, ती म्हणाली कडक स्टेनलेसचं. मालकांनी एकेक नमुना करायला सांगितला. माझी कात्री मी बाप विळा तपासायचा तशी तपासली, ओल्या पेंढ्यावर. नंतर मालकांसमोर ओल्या गॉजवर दोन्ही चालवल्या. माझी टोकापर्यंत साफ गेली, तिच्या कात्रीने एक धागा ओढला. मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी परतताना एसटी हळू जावी असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कात्र्या पुन्हा पुन्हा जंतू मारायच्या वाफेच्या डब्यात ठेवून काढायचं काम माझ्याकडे होतं. तिसऱ्या खेपेला माझ्या कात्रीच्या खिळ्याजवळ तपकिरी ठिपके दिसले. घरी विळ्यावर गंज चढला की बाप दगडावर दोन हात मारायचा, की झालं. मीही तेच केलं. कोणी बघायच्या आत पातं बफच्या फिरत्या कापडी चाकावर धरलं आणि चकचकीत करून ठेवलं.

संध्याकाळी तिने दोन्ही पाती मोरचुदाच्या पाण्यात बुडवली; गंजणारं पोलाद असेल तर त्यावर तांबं चढतं. तिचं होतं तसंच वर आलं. माझ्या पात्यावर तांब्याचा लाल थर चढला होता. तिची नजर माझ्या बफने काळ्या झालेल्या बोटांवर गेली. मालकांनी लाल पातं माझ्यापुढे धरलं.

"काय बोलतंय रे?"

"गंजतंय," मी म्हणालो. "सकाळी ठिपके आले होते. मी पुसले."

त्यांनी खिळ्याजवळ अंगठा फिरवला. मग म्हणाले, "इळा आमी पण घासून घेतो. माणसाच्या पोटात जानारं पातं कोन घासत बसनार?"

आता हाकलतील, असं वाटलं. त्यांनी फक्त स्टेनलेसचा तुकडा उचलून तिच्या हातात दिला. ती तो घेऊन सरळ माझ्याकडे आली.

"दादा, पाणी तुमी द्या. माझं पातं धागा वडतंय, भट्टीतून काडायची वेळ मला कळत नाय."

पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं नेमक्या क्षणी विझवून कडक करणं, आणि ती वेळ मला कळत होती. रंग चढू दिला, बाहेर काढलं, तेलात बुडवलं. नंतरच्या कात्रीने गॉजचा एकही धागा ओढला नाही. मालकांनी शाबासकी दिली, ती तिला. निवड तिचीच होती म्हणा.

हल्ली किन्हवली आली की मी पिशवी मांडीवर घेतो. ती बसते, बोलते, मीही बोलतो. पण नवं पोलाद आलं की तुकडा तिच्या हातातून माझ्याकडे येतो, आणि तो येईपर्यंत मी ग्राइंडर उगाच पुसत उभा असतो.