मल्हारीचे पाय

नाशिकच्या लग्नांत चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मल्हारीबद्दल दोन गोष्टी बोलल्या जायच्या. एक, त्याच्या बोटांना कुठलंही गाणं एकदा ऐकलं की पुरतं. दोन, साठीतही त्याच्या मिशा इतक्या काळ्या आहेत त्या देवाच्या कृपेनं, की कलपाच्या? यावर बँडमध्ये पैज लागलेली होती. उत्तर फक्त बायकोला, लताबाईला, ठाऊक. आणि ती दाद लागू देत नव्हती.

गंगापूर रोडवर वाद्यवृंद चालवणाऱ्या, समोर उभं राहून हाताच्या इशाऱ्यांवर तो वाजवून घेणाऱ्या साधनाबाईंनी त्याला एका वरातीत ऐकलं नि गळच घातली. गेल्या शतकातला एक परदेशी कॉन्चेर्टो बसवायचा होता. एकटा क्लॅरिनेटवाला पुढं, तीसेक वादक मागं. मल्हारीनं तो मोबाइलवर ऐकून ऐकून महिनाभरात पाठ केला. मेथी निवडताना लताबाईसुद्धा गुणगुणायला लागली.

घोटाळा झाला तो तालमीत. जन्मभर वरातीत चालत वाजवलेलं, त्यामुळं सूर निघाला की पाय निघायचे. पहिल्याच दिवशी स्वारी व्हायोलिनवाल्यांतून वाट काढत दारापर्यंत गेली. खुर्चीत बसवलं तर दमच पुरेना. शेवटी साधनाबाईंनी जड मनानं सांगितलं, रविवारपर्यंत एका जागी जमलं नाही तर पुण्याहून दुसरा वादक बोलवावा लागेल.

मल्हारी घरी येऊन तोंड पाडून बसला. लताबाई बाजारासाठी हार ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मंडपाच्या दारात नवरदेवाचे मित्र तासभर नाचतात, तेव्हा कुठं चालता तुम्ही?"

"तिथं नाचणाऱ्याकडं बघावं लागतं."

"मग त्या बाई अख्खा वेळ हात हलवतात, ते काय माश्या हाकलतात?"

मल्हारीनं तालमी आठवून बघितल्या. वाजवताना त्यानं बाईंकडं एकदाही बघितलं नव्हतं. बँडवाल्याची नजर रस्त्यावर. नाशिकच्या रस्त्यांवर ती तिथंच ठेवावी लागते.

रविवारी त्यानं बाईंच्या हातावर डोळे रोवले. हात उसळला, सूर उसळला. हात लवला, सूर लवला. पाय खिळल्यासारखे जागच्या जागी. बाई इतक्या रंगल्या की शेवटच्या सुराला हात खाली आणायच्याच विसरल्या. नाचणारा थांबल्याशिवाय बँडवाला थांबतो होय? मल्हारी जांभळा पडला, तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं.

पुण्याला फोन गेला नाही. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लताबाई भर चौकातल्या दुकानातून, सगळ्या बँडदेखत, कलपाची पुडी घेऊन ताठ मानेनं घरी गेली.