रुखवतातली महाराणी

माझ्या सासरच्या देवघरात वर्षभर एक खलनायिका पुजली गेली. तिला चार हात होते, रंग हिरवा होता आणि ती मी काढलेली होती.

तेव्हा मी एका सॉफ्टवेअर कंपनीत नवीनच लागले होते. माहेरी केबलवर दर रविवारी अंतराळातली एक मालिका लागायची आणि तिच्यापायी मी पार वेडी झाले होते. मालिका खऱ्या नटांची, पण हीच कार्टून म्हणून आली तर कशी दिसेल, या एका विचारापायी मी गठ्ठेच्या गठ्ठे कागद रंगवले. ग्रह गिळणारी महाराणी माझी सगळ्यात लाडकी. मालिकेत तिला दोनच हात होते, मी चार केले. (कागदावर हात वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही.)

लग्न ठरलं आणि आईने रुखवताचा धोशा लावला.

"मुलीने स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी टेबलावर मांडायलाच हवं. लोक बघतात."

"आई, मला क्रोशाची सुई कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नाही."

"मग जे येतं ते मांड. फक्त कॉम्प्युटर नको."

म्हणून महाराणीला फ्रेम केली. बिबवेवाडीच्या कार्यालयात साखरेचा बंगला आणि मण्यांचा हत्ती यांच्यामध्ये तिला उभी करून मी तयार व्हायला गेले. तिथेच घोटाळा झाला.

माझी आत्या चष्मा घरी विसरून आली होती. तिला दिसले चार हात, मुकुट आणि हातात कसलंसं शस्त्र. (लेझर बंदूक होती ती!) आत्याने भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं, पुढे सुपारी ठेवली. एकीने वाहिलं म्हटल्यावर बाकीच्या बायका कशाला मागे राहतात? मी शालू सावरत बाहेर येते तो काय, महाराणीपुढे ही रांग.

"आत्या, अगं ती देवी नाही, ती..."

"लग्नाच्या दिवशी अभद्र बोलू नये."

नवरदेव, म्हणजे निखिल, मित्राच्या घरी जाऊन तीच मालिका बघायचा. त्याने महाराणीला ओळखलं आणि मुंडावळ्या हलेपर्यंत हसला.

"अरे, हसतोस काय? सांग ना सगळ्यांना."

"मी? मला अजून बोहल्यावर चढायचंय."

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेऊन नमस्कार केला आणि आपल्या साऱ्या नणंदा-जावांसमोर जाहीर केलं, "ही आमच्याबरोबर घरी येणार." आता खरं सांगावं तर भर मांडवात त्यांचा पचका. पहिल्याच दिवशी सासूचा पचका करून सदाशिव पेठेत नांदायला जाण्याची माझी छाती नव्हती.

मग काय, महाराणी बाळकृष्णाच्या शेजारी जाऊन बसली. रोज सकाळी माझी ऑफिसची बस चुकायच्या बेतात असायची आणि नेमकी सासूबाईंची हाक यायची, "आधी नमस्कार." मी मनातल्या मनात चरफडत त्या ग्रह गिळणाऱ्या बयेपुढे हात जोडायचे. सणासुदीला तिला वेगळा नैवेद्य, तोही मीच रांधायचा. घरात केबल नव्हती, एवढाच काय तो आधार होता.

सासऱ्यांनी क्रिकेटसाठी केबल घेतली आणि तोही गेला. एका रविवारी सासूबाई टीव्हीसमोर मेथी निवडत बसल्या होत्या. पडद्यावर हिरवी महाराणी मुकुटासकट अवतरली आणि तिने एक अख्खा ग्रह गिळला. सासूबाईंच्या हातातली जुडी हातातच राहिली.

"ही आपलीच ना?"

"हो."

"म्हणजे देवी नाही?"

"नाही."

"मग वर्षभर हात कशाला जोडत होतीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला? अगं, मला वाटलं ही तुमच्या माहेरची कुलदेवी. तुला वाईट वाटेल म्हणून मी ठेवून घेतली. एरवी असला भेसूर चेहरा देवघरात कोण ठेवेल?"

मी मान खाली घालून मेथी निवडायला घेतली. त्या नटीचा चेहरा मला काही केल्या जमत नव्हता, म्हणून शेवटी तो मी आरशात बघून काढला होता.