नालायक पोराचा कागद

याउ केउंग आणि मी एकोणीस वर्षं हाँगकाँगच्या इमारतींना बांबूच्या परांच्या बांधल्या. इतरांनी मारलेल्या गाठी मी ओढून तपासायचो. केउंगच्या कधी तपासल्या नाहीत.

त्याची आई अर्धांगवायूनं पडली तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. एक गुडघा कामातून गेलेला. शाम शुई पो वस्तीत चौथ्या मजल्यावर एका खोलीत आई, तो, बायको आणि मुलगी. लिफ्ट नाही. दवाखान्याच्या दिवशी तो आईला पाठीवर घेऊन बहात्तर पायऱ्या उतरायचा. मधे टेकायचा नाही. टेकलं की पुन्हा उचलायला दुप्पट जोर लागतो.

म्हातारीला सरकारी मदत मिळावी म्हणून तो कचेरीत गेला. तिथे कळलं, एका घरात राहणाऱ्यांचा अर्ज एकत्र धरतात, आणि बायकोचा भांडी घासण्याचा पगार मोजला की मदत मिळत नाही. आई वेगळी राहिली आणि 'मी तिला पोसत नाही' असं मुलानं सही करून दिलं, तर तिला एकटीला मिळेल. त्याला आमच्याकडे नालायक पोराचा कागद म्हणतात.

केउंग महिनाभर सही करेना. मीच मागे लागलो. म्हटलं, कागदावर नालायक झालास म्हणून हात गळून पडणार आहेत का. शेवटी त्यानं सही केली. तिसऱ्या मजल्यावर फळ्या ठोकून पाडलेली खोली भाड्यानं घेतली, आईला खाली नेलं. पहाटे जाऊन तो तिचं अंग पुसायचा, पेज भरवायचा, आणि कुणाला दिसू नये म्हणून वाटी वर नेऊन विसळायचा. मुलगा येत नाही असं सांगायचं, हे तिला पढवून ठेवलं होतं.

चौकशीला कचेरीतली बाई आली तेव्हा केउंग वर दार लावून बसला आणि मी जिन्यात. फळ्यांतून सगळं ऐकू येत होतं. जेवण, औषध, सगळ्याला म्हातारीनं शेजारणीचं नाव सांगितलं. मग बाईनं कागद वाचून दाखवला.

"कुणी लिहिलंय हे?" म्हातारीनं विचारलं.

"तुमच्या मुलानं. त्याची सही आहे, आजी."

"माझ्या केउंगच्या नावावर कुणीतरी खोटं लिहिलंय. रोज तोच उचलतो मला. खोडा ते."

बाई वाईट नव्हती. तिनं आणखी दोनदा विचारलं. म्हातारी तेच सांगत राहिली, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

अर्ज फेटाळला गेला. खोली सोडावी लागली. आम्ही तिला खुर्चीत बसवून पुन्हा वर चढवलं. केउंग वरून, मी खालून. चढताना भार खालच्यावर येतो.

वळणावर म्हातारी म्हणाली, "त्या बाईला चांगलं सुनावलं ना मी? हा तुझा दोस्त नुसता जिन्यात बसून होता, मेला."

"हो आई," केउंग म्हणाला. "चांगलं सुनावलंस. हात आत घे, कठड्याला घासेल."