छत्तीसची रीळ, चौतीस घरं

देवमनकाका भंगाराच्या बाजारात जायचे ते स्थळ पाहायला निघालेल्या माणसासारखे. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला पेन, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक काळी प्लास्टिकची कॅमेराबॉडी असायची, लेन्स नसलेली, उघड्या तोंडावर रुमाल बांधलेली. अकोल्याच्या जुन्या बाजारात जळक्या इस्त्र्या, मिक्सरची भांडी आणि रिमोट यांच्या ढिगात एखादी लेन्स दिसली की काका उकिडवे बसत. शर्टाच्या टोकानं ती पुसत, बॉडीला लावून फिरवत. खट्ट. मग बटण अर्धंच दाबत. लेन्सच्या पोटात मोटर झिर्रर्र करून हलली की मान वर करून सगळ्या बाजाराला सांगत, "जमली सोयरीक!" नाही हलली तर लेन्स होती तिथं नीट ठेवत. "पोरगी गुणाची हाय, पन या घरी नांदनार नाई."

मी एकदा सुनावलं, "काका, हे पोरगी-नांदणं बंद करा."

"बरं वं माय," ते म्हणाले आणि पुढची लेन्स उचलली. लावली, दाबलं, आवाज नाही. "पोरगा गुणाचा हाय, पन घरजावई राहनार नाई."

काकांचं पूर्ण नाव देवमन तायडे. सगळी उमर त्यांनी अकोल्यात दुसऱ्याच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढण्यात घालवली. मोबाईल आले, स्टुडिओचं झेरॉक्स सेंटर झालं, आणि काका घरी बसले. घरी बसले म्हणजे खऱ्या अर्थानं त्यांचे दिवस तेव्हा सुरू झाले. डिजिटल आल्यावर लोकांनी टाकून दिलेले रिळाचे ऑटोफोकस कॅमेरे त्यांनी गोळा केले. तेही सगळ्यात हलके, सगळ्यात स्वस्त. लोखंडी, जड, जुन्या कॅमेऱ्यांना हल्ली पुण्या-मुंबईत मान आहे; काचेच्या कपाटात ठेवतात. प्लास्टिकच्या ऑटोफोकसला कपाटातही जागा नाही. काकांना तेच आवडायचे, आणि त्याचं एक रोकडं कारण होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हातानं फोकस करणं सुटलं होतं. "मले दिसत नाई, पन याले दिसते," ते कॅमेऱ्याच्या पाठीवर थोपटून म्हणायचे. "आमी दोघं मिळून एक मानूस हाओत."

लेन्सबद्दल त्यांचं एक वाक्य मी पुढे तीन भाषणांत वापरलं, त्यांना न विचारता. ते म्हणायचे, "या कंपनीची लेन्स अडकवाची कडी एकच. साहेबाच्या महागाच्या कॅमेऱ्याची लेन्स माह्या डबड्यावर बसते, अन् माही प्लास्टिकची लेन्स साहेबाच्या कॅमेऱ्यावर बसते. कोनी इटाळ मानत नाई."

शहरातल्या एका हौशी मंडळानं एकदा त्यांचा सत्कार ठरवला. पोस्टरसाठी फोटो हवा म्हणून त्यांच्या हातात पितळी कडांचा जुना कॅमेरा दिला. काकांनी तो कानाशी नेऊन हलवला. "हा तं मेलेला हाय. मेलेला कॅमेरा घेऊन काहून उभा करता मले?" आपला प्लास्टिकचाच घेऊन उभा राहीन म्हणाले. मंडळाला ते 'जुन्या काळचं' वाटेना. सत्कार पुढे ढकलला तो ढकललाच. मला फार राग आला होता. काकांना हसू आलं होतं.

माझी त्यांची ओळख त्यांच्या बहिणीमुळे. सुमनमावशी अमरावतीत आमच्या संघटनेच्या बैठकांना यायची. नाल्याकाठच्या वस्तीत राहायची. चौतीस घरांची वस्ती. दरवर्षी चौदा एप्रिलला सकाळी काका अकोल्याहून बहिणीकडे यायचे, निळ्या पताकांखालून एका टोकाला जायचे आणि प्रत्येक घराच्या दारात त्या घरच्या माणसांना उभं करून एक फोटो घ्यायचे. एका घराला एकच. पुढारी असो नाहीतर पोतराज, दुसरा नाही. "छत्तीसची रीळ, चौतीस घरं," ते म्हणायचे. "दोन चुकाले ठेवले." कित्येक वर्षं हे चाललं होतं. कॅमेरे बदलले, लेन्स बदलल्या, दारं तीच. पोरं वाढताना, म्हातारे गळताना, कुडाच्या जागी वीट येताना त्या निगेटिव्हांत दिसायचं. प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर पेनानं तारीख, घर, माणसं.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या हातात कॅमेरा दिला आणि मावशीला व तिच्या सुनेला दारात उभं केलं. मी रोखला, दाबला. काकांनी डोकं हलवलं.

"दोघी दोहीकडं हायेत. हा कॅमेरा मधात पायते. मधात काय हाय?"

"दार."

"दाराच्या आतला अंधार. तुह्या फोटोत अंधार साफ येईन, मानसं धुकट. पयले एकीच्या तोंडावर धर. अर्धं दाब. थांब. थो 'पी' म्हनते. मंग तसंच दाबून ठेवून सरक, अन् घे."

अर्धं दाब, थांब, मग घे. हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. कॅमेऱ्याला दिसेनासं झालं की तो बटण दाबूनही फोटो घेत नाही, याचं त्यांना भारी कौतुक होतं. "पाय, स्वस्तातला हाय, पन दिसल्याबिगर बोलत नाई."

मला थांबायची सवय नव्हती. आम्ही पत्रकं लिहून मोठे झालेले लोक. सकाळी अन्याय, दुपारी मजकूर, संध्याकाळी चौकात वाटप. मुद्दा मोठ्या टाइपात, उद्गारचिन्ह दोन.

मग वस्तीला नोटिसा आल्या. नाल्याकाठचा रस्ता रुंद व्हायचा होता. ठरवून दिलेल्या वर्षाआधीपासून राहत असल्याचा पुरावा देईल त्याला बदली घर, नाही त्याला काहीच नाही. आता सांगा, कुडाच्या घरात पुरात दोनदा कागद वाहून गेलेली माणसं पुरावा कुठून आणणार? मागणाऱ्यांना हे ठाऊक होतं म्हणूनच मागितला होता. पण त्यांना काकांची पाकिटं ठाऊक नव्हती. वर्षानुवर्षांच्या निगेटिव्ह, सगळ्या घरांच्या, सलग. बातमी ऐकून सुमनमावशी भावाला म्हणाली, "तुह्या डबड्यानं अखेर काम केलं रे." काका त्या दिवशी दोनदा चहा प्यायले.

त्या चौदा एप्रिलला काकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी सकाळीच अकोल्याला गेले, त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. त्याच्या पाठीवर तारीख छापायचं एक छोटं घड्याळ होतं आणि त्याच्या बटणावर काळी चिकटपट्टी.

"पट्टी काढू नको," काका सांगायला लागले. "त्या घड्याळाचं असं हाय का..."

"काका, बस सुटेल माझी," मी म्हटलं आणि निघाले.

वस्तीत पोचल्यावर मला वाटलं, पुराव्याला तारीख पाहिजेच. पट्टी मीच काढली. बटण दाबलं. चार, चौदा. महिना बरोबर, दिवस बरोबर. त्याआधीचे दोन आकडे मी पाहिले, वाचले नाहीत. चौतीस घरं, चौतीस फोटो. जुन्या फोटोंच्या शेजारी नवे लावायचे, तीच दारं, तीच माणसं, असा माझा बेत होता. मी कॅमेरा परत अकोल्याला नेला. डोळ्याला पट्टी असतानाही काकांनी काळ्या पिशवीत हात घालून चाचपडत रीळ काढली, धुतली, न्हाणीतल्या दोरीवर वाळत घातली. "राहू दे आजचा दिवस. उद्या मले भिंगातून पाहू दे," म्हणाले. सुनावणी दोन दिवसांवर होती. मी ओलसर रीळच घेऊन अमरावतीला आले आणि प्रिंट काढले.

त्या घड्याळाचं असं होतं, की ते एका ठराविक वर्षापर्यंतच मोजायचं. बनवणाऱ्यांनी पुढचं पंचांग त्यात घातलंच नव्हतं. ते वर्ष सरलं की घड्याळ मागे उडी मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू. काकांना हे माहीत होतं. पट्टी त्यासाठीच होती.

सुनावणीला काका आणि मावशीही आले होते. साहेबांनी फाइल उघडली. जुने फोटो चाळले; एक-दोनदा पाकिटावरची तारीखही पाहिली. मग नव्या फोटोंपैकी एक उचलला, चष्मा वर केला आणि हसले.

"ब्याण्णव?"

फोटोच्या कोपऱ्यात पांढरे आकडे होते: ९२, ४, १४. फोटोत सुमनमावशीची नात होती, हातात मोबाईल धरून.

"ब्याण्णव साली तुमच्या वस्तीत मोबाईल होता? आमच्याकडे तर लँडलाइनही नव्हता." कारकून हसला. साहेबांनी गठ्ठा बाजूला सरकवला. "मागच्या तारखा टाकून फोटो बनवता आणि इथं आणता? कोणाचा कॅमेरा?"

काका उठले. डोळ्यावर हिरवी पट्टी तशीच. "कॅमेरा माह्यावाला हाय साहेब. पन जुने फोटो..."

"मग जुनेही तुम्हीच बनवले. बसा."

माझ्यासमोर फक्त एक वाक्य होतं: तारीख मी चालू केली, यांनी नाही. मी घोषणा द्यायला तयार होते, निवेदन तोंडपाठ होतं, कलमं पाठ होती. ते वाक्य आलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी पुढे खूप दिवस स्वतःला सांगितलं. तेही खोटंच.

सगळे फोटो नामंजूर झाले. नवे आणि जुने.

संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. 'प्रशासनाचा डाव! गरिबांच्या पुराव्याची थट्टा!!' थट्टा झालीच होती, त्यात खोटं नव्हतं. चार दिवसांनी काका अकोल्याहून आले, पत्रक डोळ्याजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचलं.

"यात एक ओळ टाक पोरी. नव्या फोटोवर तारीख चुकून आली, जुने खरे हायेत. तुह्या सहीनं अर्जात बी तेवढंच दे. वर अपील करता येते म्हनतात."

"काका, पत्रकात आपली चूक लिहीत नसतात. समोरचे तेच धरून बसतील. लढ्याचं नुकसान होईल."

"नुकसान?" त्यांनी पत्रक खाली ठेवलं. "तुह्यं नाव जाईन म्हनते, तसं सांग."

मला खूप लागलं. मी त्यांना व्यक्तीपेक्षा चळवळ मोठी वगैरे ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. पत्रकाची चौकोनी घडी केली, कॅमेऱ्याच्या तोंडावर बांधायच्या रुमालात ठेवली. "तू बी मधातच पाह्यली," एवढं म्हणाले आणि बसस्टँडकडे चालायला लागले.

अपिलाची मुदत गेली. मी रोज उद्या लिहू म्हणत होते. पाडायला यंत्र आलं तेव्हा आम्ही आडवे झालो, आम्हाला उचललं, वर्तमानपत्रात माझा फोटो आला. तो फोटो अगदी साफ होता. मागची घरं धुकट.

पुढच्या चौदा एप्रिलला काका मला न सांगता आले होते, हे नंतर कळलं. वस्ती उरली नव्हती. मग ते माणसं शोधत फिरले. कोणी बडनेऱ्याच्या वाटेवर भाड्यानं, कोणी तिवश्याला भावाकडे, कोणी कुठे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑटो, बस, पायी. चार दिवस. मग ताप धरला. पावसाळ्यात गेले. मी अकोल्याला गेले होते. लोकांत मागे उभी राहिले.

महिन्याभरानं सुमनमावशीनं बोलावलं. गावाबाहेर पत्र्याची खोली, बदली घर नाही ते नाहीच. तिनं तीच कापडी पिशवी माझ्यासमोर ठेवली. "तुले दे म्हने. मी म्हटलं, तिले काहून? तं म्हने, तिले अर्धं दाबाले शिकवलं होतं, बाकीचं राह्यलं."

या जातीचा कॅमेरा रीळ घातल्याबरोबर सगळी एकदम बाहेर ओढून घेतो आणि एकेक फोटो काढला की डबीत परत नेतो. म्हणून त्याचा आकडा उलटा असतो. काढले किती ते नाही, राहिले किती ते दाखवतो. काकांना हे फार आवडायचं. "चुकून पाठ उघडली तरी झालेली मानसं डबीत सलामत," म्हणायचे. मी कॅमेरा सुरू केला. पंचवीस. म्हणजे अकरा घरं त्यांना सापडली होती. तारखेच्या बटणावर नवी काळी पट्टी होती, दुहेरी.

"मावशी, तुझा काढला का त्यांनी?"

"मी नाई म्हटलं. दार कुठी हाय मले, उभी राहाले?"

मी कॅमेरा वर उचलला. तिनं हात आडवा धरला.

"ठेव खाली. माह्या भावाले भर कचेरीत खोटा ठरवला. तथी तू बसून होती, मी बी बसून होती. मले कॅमेऱ्यातलं कळत नाई, तुले कळत होतं. पयले लिव, चूक कोनाची होती. चार लोकाइनं वाचलं पाहिजे. मंग ये."

तर लिहिते. पट्टी मी काढली. तारीख मी चालू केली. काका सांगत होते तेव्हा मी ऐकलं नाही, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही. देवमन तायडे यांचे जुने फोटो खरे होते, एकूण एक. ज्यांनी ते न तपासता गठ्ठा सरकवला त्यांना मी माफ केलेलं नाही. पण त्यांच्या हातात निमित्त मी दिलं.

हे छापून आलं की मावशीकडे नेणार आहे. तिला वाचता येत नाही. मलाच मोठ्यानं वाचावं लागेल, तिच्या नातीसमोर. कॅमेरा सोबत असेल. आकडा अजून पंचवीसवर आहे. ती हो म्हणाली तर चोवीस.